पाळी हुकली, आता दिवस कुठून मोजायचे?

परवा रात्री साडेदहाच्या सुमारास वरच्या खोलीतली पोरगी खाली आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. हातात मोबाईल, डोळे सुजलेले. "काकू, डेट हुकलीया. बारा दिवस झालं." मी विचारलं, एरवी किती दिवसांनी येते? तर म्हणाली, "तसं काय ठरलेलं न्हाई. कधी पस्तीस दिवसांनी, कधी दीड महिना जातोय." मग हे बारा दिवस मोजले कुठून? तिनं मोबाईल पुढं केला. त्यातल्या अ‍ॅपनं २८ दिवस धरून एक तारीख दाखवली होती आणि त्या तारखेपासून ही झुरत होती.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. नर्स म्हणून २२ वर्षं काम केलं, त्यातली निम्मी बाळंतपणाच्या वॉर्डात. आता घरी वरच्या दोन खोल्यांत गारगोटी, चंदगड, जतकडनं शिकायला आलेल्या मुली राहतात. हा प्रश्न घेऊन दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी येतंच. कधी कॉलेजची पोरगी, कधी गल्लीतली नवीन लग्न झालेली. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. वाचणारी कुणीही असलीस तरी मी तुला अगं-तुगंच करणार.

जिची पाळी तारखेला येत नाही तिला 'उशीर झाला' हे कळायला मार्गच नसतो. त्यामुळं पाळीवरून मोजायचं सोड. शेवटचे संबंध कुठल्या दिवशी आले, तिथून मोज. त्या दिवसापासून २१ दिवस झाले की लघवीची तपासणी भरवशाचं उत्तर देते, पाळी येवो न येवो. बाकी सगळं याच्या मागेपुढे आहे.

सगळ्यात आधी एवढं बघ

पोटात एकाच बाजूला जोरात कळ येतेय, खांद्याच्या टोकाशी दुखतंय, चक्कर येऊन डोळ्यांपुढं अंधारी येतेय, असं असेल तर हा लेख बाजूला ठेव आणि दवाखाना गाठ. अंगावरून थोडंसंच जात असलं तरी थांबू नको. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला आणि नळी फुटली तर रक्त पोटातल्या पोटात साठतं, बाहेर दिसत नाही. तासाला एक पॅड भिजतंय असं सलग दोन तास झालं, किंवा रक्तस्रावाबरोबर ताप आणि घाण वास येतोय, तरीही तेच. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, पैसे लागत नाहीत. शहरात असलीस तर टाऊन हॉलसमोरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय चोवीस तास चालू असतं.

आणि तुझ्यावर जबरदस्ती झाली असेल तर उपचाराला आधी पोलिसांचा कागद लागत नाही. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही दवाखान्यानं लगेच आणि फुकट उपचार द्यायचे, असा कायदा आहे. बरोबर कुणी नसेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे.

खरंच शक्यता आहे का, ते स्वतःला नीट विचार

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलींना शक्यताच नसते, नुसती भीती असते. चुंबनानं, मिठीनं, दोघांच्याही अंगावर कपडे असताना जवळ आल्यानं दिवस राहत नाहीत. सार्वजनिक संडासातून, पोहण्याच्या तलावातून, दुसऱ्याच्या टॉवेलनं राहत नाहीत. वीर्य योनीत किंवा अगदी योनीच्या तोंडाशी जाईल असं काही घडलं असेल तरच शक्यता धरायची. "त्यानं बाहेर काढलं" याला मी शक्यता आहे असंच धरते, कारण वेळेवर बाहेर काढणं ठरवलं तरी प्रत्येक वेळी जमत नाही आणि आधी येणाऱ्या पातळ स्रावातही शुक्राणू असू शकतात. निरोध फाटला, घसरला, शेवटीशेवटी घातला, तरी शक्यता. रोजची गोळी दोन-तीन दिवस राहिली, तरी शक्यता. टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. हे पुष्कळ जणींना कुणी सांगितलेलंच नसतं.

"पण काकू, सेफ दिवस होते की" असं मला ऐकावं लागतं, तेव्हा मी त्यांना कागदावर काढून दाखवते. बीजांड सुटलं की साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. हा नंतरचा काळ बहुतेकींचा जवळपास ठरलेला असतो, लांबतो तो आधीचा. परीक्षा, ताप, जागरणं, घरातलं भांडण, झटक्यात उतरलेलं वजन, यांनी बीजांड सुटायलाच उशीर होतो आणि म्हणून पाळी लांबते. २८ दिवसांनी पाळी येणारीचं बीजांड चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, ४५ दिवसांनी येणारीचं एकतिसाव्या दिवसाच्या आसपास. बीजांड जेमतेम एक दिवस टिकतं, पण शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. आता ज्या बाईला आपलं बीजांड कधी सुटणार हेच ठाऊक नाही, तिनं सेफ दिवस धरायचे कुठले? अनियमित पाळी असलेल्या मुलीला मी हा हिशोब करूच देत नाही.

कालपरवाचीच गोष्ट असेल तर

७२ तासांच्या आत तातडीची गोळी घेता येते. तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे औषध असतं, १.५ मिलिग्रॅम, एकच गोळी. जितकी लवकर घेशील तितका उपयोग जास्त, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नको. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत एक घ्यावी लागते. ७२ तास उलटून गेले असले तरी पाचव्या दिवसापर्यंत डॉक्टर तांबी (कॉपर-टी) बसवू शकतात, आणि तो उपाय गोळीपेक्षाही पक्का आहे.

ही गोळी बीजांड सुटणं पुढं ढकलते. दिवस आधीच राहिले असतील तर ती काहीच करत नाही, गर्भ पाडत नाही. आणि ती घेतल्यावर पुढची पाळी आठवडाभर मागंपुढं होऊ शकते. हे ठाऊक नसलं की मुलगी गोळीमुळं लांबलेल्या पाळीनं पुन्हा घाबरते, पुन्हा गोळी घेते आणि सगळं चक्र आणखी बिघडतं. एका महिन्यात अशा तीन गोळ्या घेतलेली मुलगी मी बघितली आहे. वारंवार गरज पडत असेल तर नेहमीच्या गर्भनिरोधक साधनाबद्दल डॉक्टरांशी बोल.

मेडिकलवाल्याची भीती वाटते, हे मला कळतं. आमच्या एका मुलीला एका दुकानदारानं "नवऱ्याला पाठव" म्हणून परत धाडलं होतं. तिथं हुज्जत घालत बसू नको, पुढच्या दुकानात जा. सीपीआरच्या आसपास मेडिकलची रांगच आहे, आणि तिथल्या गर्दीत कोण काय घेतंय याकडं कुणाचं लक्ष नसतं.

दोन तारखा कागदावर घे

एक, मागच्या पाळीचा पहिला दिवस. नुसता डाग लागला तो नव्हे, नेहमीसारखं जायला लागलं तो. दोन, शेवटच्या असुरक्षित संबंधांचा दिवस. दोन-चार वेळा आले असतील तर त्यातला शेवटचा.

माझ्या आईच्या घरी स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असायचं. दुधाचा खाडा पडला की त्या तारखेला ती गोल करायची, आणि काही तारखांच्या कोपऱ्यात एक बारीकसा टिंब असायचा. तो कशाचा हे मला आठवीत गेल्यावर कळलं. आजही मी मुलींना तेच सांगते. अ‍ॅप वापर हवं तर, पण अ‍ॅप पुढची तारीख सांगतं ती मागच्या तारखांच्या सरासरीवरून, तुझ्या शरीरात डोकावून नव्हे. तुझे टिंब एकसारख्या अंतरावर नसतील तर त्या भाकिताला अर्थ नाही. टिंब मात्र हवेतच, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार आहेत.

मोजायचं कसं, तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत. हे अंतर २१ ते ३५ दिवस असेल तर मोठ्या बाईच्या बाबतीत ते सर्वसाधारण धरतात. पाळी सुरू होऊन दोन-तीनच वर्षं झालेल्या मुलीला ४५ दिवस लागले तरी चालतात. महिन्या-महिन्यात चार-सहा दिवसांचा फरक पडतोच. त्याला अनियमित म्हणत नाहीत.

जिन्यातल्या पोरीच्या कागदावर दुसरी तारीख आली तेव्हा संबंधांना १७ दिवस झाले होते. म्हणजे लघवीच्या तपासणीची पट्टी करायला अजून चार दिवस होते. "चार दिवस कसं काढू वो?" म्हणाली. पण 'बारा दिवस उशीर' याच्यापेक्षा 'गुरुवारी सकाळी' हे बरं असतं. तारीख लिहून कागद तिच्या हातात दिला, ताकभात वाढला आणि झोपायला पाठवलं.

पट्टी करायची ती अशी

दिवस राहिल्यावर शरीरात एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते लघवीत उतरतं. पण गर्भ पिशवीला चिकटल्यानंतरच ते तयार व्हायला लागतं, आणि चिकटायलाच बीजांड सुटल्यापासून सहा ते बारा दिवस जातात. म्हणून संबंधांनंतर पाचव्या दिवशी केलेल्या पट्टीला काहीच अर्थ नसतो. ती एकच रेघ दाखवते आणि खोटा धीर देते.

किट कुठल्याही मेडिकलमध्ये साधारण पन्नास ते शंभर रुपयांत मिळतं. सरकारी योजनेतलं 'निश्चय' किट आशाताईंकडे फुकट असतं. गावातली आशाताई ओळखीची असते म्हणून पुष्कळ जणी तिच्याकडं जात नाहीत, आणि त्यात मी कुणाला दोष देत नाही. शहरात विकत घे. पाकिटावरची शेवटची तारीख बघून घे.

पाकीट फाडलं की आत एक बोटभर लांब पांढरी चपटी पट्टी निघते, एक छोटा ड्रॉपर आणि ओल शोषणारी एक पुडी. पुडी टाकून द्यायची. पट्टीवर एका टोकाला थेंब टाकायचा गोल खळगा असतो, आणि मधे लांबट खिडकी, जिच्याशेजारी सी आणि टी अशी दोन अक्षरं छापलेली असतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत धर. साबणाचा अंश राहिलेली वाटी नको. रात्री तांब्याभर पाणी पिऊन झोपलीस तर सकाळची लघवीही पातळ होते, तेवढं त्या रात्री टाळ. पट्टी सपाट जागेवर ठेव, हातात धरून उभी राहू नको. ड्रॉपरनं तीन थेंब खळग्यात टाक. काही किटमध्ये दोन सांगितलेले असतात, म्हणून आतला कागद वाच. पाणी खिडकीतून हळूहळू वर चढताना दिसतं, मागं गुलाबी छटा सरकते आणि मग सीजवळची रेघ उमटते.

मोबाईलवर पाच मिनिटं लाव. ही पाच मिनिटं फार मोठी असतात, मी स्वतः काढलेली आहेत. दार लावून एकटी बसू नको. जिच्यावर विश्वास आहे तिला बाहेर उभी कर.

फक्त सीजवळ रेघ आली तर या घटकेला दिवस राहिलेले दिसत नाहीत. दोन्हीकडं आली तर राहिलेत. टीची रेघ फिकट असली तरी ती रेघच, 'फिकट आहे म्हणजे थोडेच राहिलेत' असं काही नसतं. सीजवळच रेघ नसेल तर पट्टी खराब, दुसरी आण. आणि दहा मिनिटांनंतर पट्टीकडं परत बघायचं नाही. पट्टी वाळताना टीच्या जागी एक करडी सावली येते आणि तिनं कित्येकींची झोप उडवली आहे. कचऱ्याच्या डब्यातून दुपारी काढून बघितलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नको.

शेवटच्या संबंधांपासून २१ दिवस झाल्यावर एकच रेघ आली तर ते उत्तर जवळजवळ पक्कं समज. तरी पाळी आली नाही तर आठवड्यानं एक पट्टी आणखी कर. तीही एकच रेघ दाखवत असेल तर दिवस राहिल्याची भीती मनातून काढून टाक. फारच जीव टांगणीला लागला असेल तर रक्तातली बीटा एचसीजी तपासणी कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये होते आणि ती लघवीच्या पट्टीपेक्षा थोडी आधी सांगते.

एक गोष्ट सुटते ती ही. 'पाळी आली, पण फारच कमी, दोन दिवस नुसते डाग' असं झालं असेल तर तिला पाळी धरू नको. सुरुवातीच्या दिवसांत गरोदरपणातही डाग लागतात. पट्टी करच.

साखर, मीठ, टूथपेस्ट लघवीत टाकून बघायचे प्रकार मोबाईलवर फिरतात. त्यांनी काहीही कळत नाही.

वाट बघताना काय करायचं नाही

पपई, तीळगूळ, ओव्याचा काढा, 'उष्ण' म्हणून सांगितलेलं काहीबाही. तीळगूळ खा, अंगाला चांगलाच आहे. पण त्यानं अडलेली पाळी येत नाही आणि राहिलेला गर्भ पडत नाही. उपाशी राहणं, जिन्यावरून उड्या मारणं, पोटावर काही बांधणं, यांतलं काहीच करू नको. सगळ्यात वाईट म्हणजे कुणीतरी आणून दिलेल्या 'खाली करायच्या' गोळ्या पट्टी न करताच घेणं. त्याबद्दल पुढं सांगते.

एकच रेघ, तरी पाळी नाही

इथं बहुतेकजणी सुटलो म्हणतात आणि विषय सोडून देतात. मला खरी काळजी इथून पुढची असते, कारण पाळी लांबायला काहीतरी कारण असतंच आणि ते पट्टीत दिसत नाही.

आमच्या भागात मी सगळ्यात जास्त बघितलेलं कारण म्हणजे पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. गौरी-गणपती, नवरात्रात अंबाबाईला जायचं, चैत्रात जोतिबाची यात्रा, घरातलं लग्न. बायका मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्यांचं पाकीट आणतात आणि दहा-पंधरा दिवस खातात. गोळ्या थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. कधीकधी जास्त लागतात आणि पुढचे एक-दोन महिने तारीख इकडंतिकडं होते. पण लक्षात ठेव, या गोळ्या गर्भनिरोधक नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला सासूबाईंनी सांगितलं म्हणून मीही घेतल्या होत्या. थांबवल्या, आठ दिवस झाले तरी पाळी नाही. गोळ्यांनी लांबली असेल म्हणून मी बसून राहिले, पपईसुद्धा खाल्ली. नवव्या दिवशी पट्टी केली तर दोन रेघा. माझा थोरला. तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि तरीही मला हे ठाऊक नव्हतं. गोळ्या थांबवून आठवड्याभरात पाळी आली नाही तर पट्टी करायची. आणि ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली होती, त्यांनी या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातातही घेऊ नयेत.

कुटुंबनियोजनाच्या साधनांनीही पाळी बदलते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची असते. तिनं पाळी लांबते, हे तिचं नेहमीचंच काम आहे. मात्र पंधरा दिवसांपेक्षा जास्त लांबली तर तपासणी करावी. 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घेतात, त्यात पाळी अनियमित होते किंवा बंदच होते. इंजेक्शन वेळेवर घेतलं असेल तर घाबरायचं कारण नाही.

अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी कित्येक महिने येत नाही. पण 'पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत' हे तीन अटी पाळल्या तरच खरं असतं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि बाळंतपणानंतर पाळी एकदाही आलेली नाही. पहिली पाळी यायच्या आधीच बीजांड सुटू शकतं, त्यामुळं पाळी न येताच पुन्हा दिवस गेलेल्या बायका मी वॉर्डात पुष्कळ बघितल्या.

मग पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून होणारा बीजांडकोशाचा आजार, आणि थायरॉइड. हनुवटीवर राठ केस, जाणारच नाहीत असे मुरूम, मानेवर काळसर जाड पट्टा, वाढत जाणारं वजन आणि दोन-दोन महिन्यांनी पाळी, हे एकत्र दिसलं की पीसीओएसचा संशय घ्यायचा. सारखा थकवा, थंडी सोसत नाही, केस गळतात, तर थायरॉइड बघायचं. स्तनांतून दूध येतंय आणि बाळ तर नाही, असं असेल तर प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक तपासायचं. चाळिशी ओलांडलेल्या वहिनींची पाळी लांबते ती बहुतेक वेळा पाळी जाण्याच्या वाटेवर असते म्हणून. तरी त्या वयातही दिवस राहतात, पट्टी त्यांनाही लागू आहे.

पट्टीवर एकच रेघ आहे आणि तीन महिने पाळी नाही, किंवा सारखीच २१ दिवसांच्या आत येते, किंवा आठ दिवसांवर चालते, तर अंगावर काढू नको. डॉक्टरकडं जा.

दोन रेघा आल्या तर

आधी पाणी पी आणि बस. आजच्या आज काही ठरवायचं नसतं, पण महिनाभर लपवूनही ठेवायचं नसतं. आठवड्याच्या आत डॉक्टरांची भेट घे.

डॉक्टर "सहा आठवडे झालेत" म्हणतील आणि तू म्हणशील, संबंध तर चारच आठवड्यांपूर्वी आले. दोघांचंही बरोबर असतं. गरोदरपण मागच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे तर गर्भ नसतोच. या हिशोबावरून नवराबायकोत संशय आणि भांडणं झालेली मी बघितली आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. आणि तुझी पाळी अनियमित असेल तर हा हिशोब आणखी चुकतो, तेव्हा सोनोग्राफीत दिसणारं गर्भाचं माप खरं धरतात. फार लवकर केलेल्या सोनोग्राफीत काही दिसत नाही, मग दहा-बारा दिवसांनी परत बोलावतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गर्भ पिशवीतच आहे ना, हे त्यात कळतं, आणि ते कळणं फार महत्त्वाचं आहे.

ठेवायचं असेल तर फॉलिक अ‍ॅसिड लगेच सुरू होतं, १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवायचं, माता-बाल संरक्षण कार्ड घ्यायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते.

ठेवायचं नसेल तर गर्भपात आपल्याकडं १९७१ च्या कायद्यानं मान्य आहे, आणि २०२१ ला त्यात सुधारणा झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर होतो, त्यापुढं २४ पर्यंत काही परिस्थितींमध्ये दोन डॉक्टरांच्या मतावर. साधन निकामी ठरलं हे कारण आता लग्न न झालेल्या बाईलाही लागू आहे, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं २० ते २४ आठवड्यांच्या बाबतीतही लग्न झालेली-न झालेली असा भेद करता येणार नाही असं सांगितलं. तू १८ पूर्ण असशील तर सही फक्त तुझी लागते. नवऱ्याची नाही, आईवडिलांची नाही. तुझं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. कुणी "नवऱ्याला घेऊन ये" म्हणालं तर तो कायदा नव्हे, त्या दवाखान्याचा हट्ट आहे.

वय १८ च्या आत असेल तर पालकाची सही लागते आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. मात्र मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर तिचं नाव आणि ओळख त्यात उघड करायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणून भीतीनं भोंदू माणसाकडं जाऊ नको. १०९८ ला फोन कर.

गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत होतो, पण चिठ्ठीवर आणि तपासणीनंतर. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांत धोका असा की गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी जात नाही. रक्त जातं, बाईला वाटतं झालं, आणि गर्भ नळीतच वाढत राहतो. वॉर्डात रात्री अडीचला आणलेली अशी बाई मला अजून दिसते, ओठ पांढरेफटक, आणि नवरा सांगतोय की आठ दिवसांपूर्वी गोळ्या दिल्या होत्या. ती वाचली, पण थोडक्यात.

डॉक्टरकडं जाताना

कोल्हापुरात सरकारी म्हणशील तर सीपीआरचा स्त्रीरोग विभाग आहे, कसबा बावड्याला सेवा रुग्णालय आहे. इचलकरंजीकरांना आयजीएम रुग्णालय, गडहिंग्लजकडच्यांना उपजिल्हा रुग्णालय. केस पेपर सकाळी निघतात, दुपारी गेलीस तर हेलपाटा पडतो. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असतं, तिथं समुपदेशक बसतात, त्याबद्दल केस पेपरच्या खिडकीवर विचार. जायचं धाडस होत नसेल तर आधी १०४ ला फोन करून सल्ला घे.

खोलीत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "लग्न झालंय का?" आपल्याकडं हा प्रश्न 'संबंध येतात का' याऐवजी विचारला जातो, आणि मुली "नाही" म्हणतात आणि मग डॉक्टर त्या दिशेनं विचारच करत नाहीत. म्हणून उत्तर असं दे: "लग्न नाही झालं, पण संबंध आलेत. शेवटचे अमुक तारखेला." एका दमात म्हणून टाक. अवघड वाटत असेल तर तुझ्या त्या कागदावर लिही आणि कागद पुढं कर. आई किंवा आत्या बरोबर असेल तर "मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय" म्हणायला हरकत नाही, चांगले डॉक्टर स्वतःच तिला बाहेर बसवतात.

घेतलेल्या सगळ्या गोळ्या सांग, तातडीची, पाळी ढकलायची, वजन उतरवायची पावडर, आयुर्वेदिक काढा, सगळं. साधारणपणे टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, साखर आणि पोटाची सोनोग्राफी सांगतात. सोनोग्राफी पोटावरून होते, त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून जावं लागतं. आतून करायची म्हणाले तर ती तुला विचारूनच, आणि संबंध आलेले नसतील तर नको म्हण. तपासणीच्या वेळी बाई कर्मचारी खोलीत हवी, हे मागण्याचा तुला हक्क आहे.

आणि पाळीच्या तक्रारीवर कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाकू" म्हणालं, विशेषतः चाळिशीच्या आतल्या बाईला, तर सही करू नको. दुसऱ्या डॉक्टरला दाखव.

केस पेपर, रिपोर्ट आणि तारखांचा कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. पुढच्या वेळी गाव बदललं, दवाखाना बदलला, तरी त्याच तपासण्यांचे पैसे परत भरावे लागत नाहीत.